शिदोरी सायकलवर, भिस्त स्वतःवर

लांब पल्ल्याची सायकल स्पर्धा म्हटली की मागून येणारी मोटार, पाणी पुरवणारे सहकारी आणि सज्ज असलेला मेकॅनिक डोळ्यांसमोर येतो. यांपैकी काहीही न घेता, डांबरी रस्ता सोडून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या सायकलस्वारांचा एक वेगळा पंथ जगभर रुजला आहे. त्याचे नियम, त्यातील धोके आणि विदर्भाच्या वाटांवर लागणारा त्याचा कस, यांचा हा वेध.

महालातील गल्ल्या मोटारींसाठी आखलेल्या नाहीत. भोसल्यांच्या वाड्याभोवती वाढत गेलेली नागपूरची ही जुनी वस्ती माणसे, बैलगाड्या आणि नंतर सायकली यांच्या मापाने घडली. एम्प्रेस मिलच्या पाळीवर निघालेला कामगार, दुधाच्या कॅन लटकवलेला गवळी, तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकणारी पोरे असे सारे या गल्ल्यांनी पाहिले आहे. आता तेथे दुचाकी वाहनांची गर्दी असते. तरीही हिवाळ्यातील एखाद्या पहाटे, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पहिली कढई चढत असताना, गांधी गेटमधून एखादी निराळीच सायकल बाहेर पडताना दिसते. तिला कॅरिअर नसतो. बैठकीखाली शेपटीसारखी निमुळती पिशवी, नळ्यांच्या त्रिकोणात बसवलेली दुसरी आणि हँडलला गुंडाळीसारखी बांधलेली तिसरी अशा तीन पिशव्या तिच्यावर असतात. टायर रुंद आणि खाचांचे असतात. स्वार रामटेकला निघाला आहे, तामियाला की पचमढीला, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र निश्चित असते. त्याच्या मागून कोणतीही गाडी येणार नसते.

या प्रकाराला इंग्रजीतून आलेला ‘बाइकपॅकिंग’ हा शब्द रूढ झाला आहे. मुक्कामाचे सामान सायकलवरच बांधून, शक्यतो कच्च्या वाटांनी केलेला लांबचा प्रवास असा त्याचा साधा अर्थ. हाच प्रवास घड्याळ लावून, ठरलेल्या मार्गाने आणि बाहेरची खास मदत न घेता केला की ती ‘स्वावलंबी’ दीर्घ पल्ल्याची स्पर्धा ठरते. पहिल्या प्रकारात वाटेत थांबून तळ्याकाठी दुपार घालवता येते. दुसऱ्यात थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब लागतो. सामान आणि वाट सारखीच असली तरी मनोवृत्ती वेगळी असते.

नियम एका भात्याचा

स्वावलंबन म्हणजे नेमके काय, याचा सर्वांत बोलका दाखला १९१३ सालच्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये सापडतो. त्या काळी स्पर्धकाने आपल्या सायकलची दुरुस्ती स्वतःच करावी असा दंडक होता. युजीन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती चालला, पायथ्याच्या गावात एका लोहाराचे दुकान त्याने गाठले आणि स्पर्धेच्या अधिकाऱ्यांसमक्ष, काही तास खपून, स्वतःच्या हाताने लोखंड तापवून चिमटा सांधला. दोन्ही हात कामात गुंतल्याने भट्टीचा भाता त्याने दुकानातील एका मुलाला ओढायला सांगितला. या अपराधाबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणण्यात आला.

आज हा दंड हास्यास्पद वाटेल; पण त्यामागचा प्रश्न आजही तसाच आहे. भट्टी वापरलेली चालते, मग भाता ओढणारा मुलगा का चालत नाही? आधुनिक स्वावलंबी स्पर्धांनी याचे उत्तर बरेच सोपे केले आहे. जे वाटेतील कोणालाही, पैसे मोजून किंवा सार्वजनिकरीत्या मिळू शकते ते घ्यावे. जे केवळ आपल्यासाठी, आधी ठरवून उभे केलेले आहे ते घेऊ नये. म्हणजे गावातील पंक्चरचे दुकान, खानावळ, धर्मशाळा, हातपंप, औषधाचे दुकान हे सारे चालते. मात्र पुढच्या गावात नवे चाक घेऊन उभा असलेला मित्र चालत नाही. दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाने वारा चुकवत सायकल चालवणे हेही बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहे.

या नियमामुळे स्पर्धेचे स्वरूपच बदलते. स्पर्धा पायांतील ताकदीपुरती राहत नाही. पाणी कोठे भरावे, कोणते सामान घरी ठेवावे, अंधार पडण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे की येथेच थांबावे, तुटलेली साखळी जोडता येते की नाही, या साऱ्यांची ती परीक्षा होते.

मागे मोटार असते तेव्हा

नागपूरकरांना दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगची ओळख झाली ती प्रामुख्याने डॉ. अमित समर्थ यांच्या कामगिरीमुळे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतराची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा १९८२ पासून होते. एकट्याने भाग घेणाऱ्या तरुण स्पर्धकाला ती बारा दिवसांत पूर्ण करावी लागते. २०१७ साली नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ ही एकल स्पर्धा वेळेत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांना ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे लागली. त्यानंतर अवघ्या काही तासांनी, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत, डॉ. समर्थ यांनी पहिल्याच प्रयत्नात अंतिम रेषा ओलांडली. त्याआधी २०१५ साली नाशिकचेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाच्या गटात ही स्पर्धा पूर्ण केली होती. २०१८ साली डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची, पंधरा टप्प्यांची सैबेरियन स्पर्धा पुरी केली. सहा जणांनी सुरू केलेली ती शर्यत तिघांनाच पूर्ण करता आली.

या कामगिऱ्या असामान्य आहेत. पण त्या स्वावलंबी प्रकारात मोडत नाहीत. ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये एकट्या स्वारामागे मोटारींचा ताफा आणि सहकाऱ्यांचे पथक असते. पथकातील माणसे दर तासाला किती खाल्ले, किती पाणी प्यायले याची नोंद ठेवतात, रात्री गाडीचे दिवे मागून प्रकाश देतात, आणि झोप कधी घ्यायची हेही पुष्कळदा तेच ठरवतात. स्वाराने फक्त पायडल मारायचे. हे ‘फक्त’ किती भीषण असते, याची साक्ष एका विकाराचे नावच देते. दिवसेंदिवस वाकून सायकल चालवल्याने मानेचे स्नायू एकाएकी निकामी होतात आणि डोके वर धरता येत नाही. या स्पर्धेचे एक आद्य स्पर्धक मायकेल शर्मर यांना १९८३ साली हा त्रास झाला, तेव्हापासून त्याला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात.

स्वावलंबी प्रकारात ही शारीरिक ओढाताण असतेच. त्यावर निर्णयांचे ओझे वाढते. थकलेल्या शरीराला सांभाळणारा मेंदूही तितकाच थकलेला असतो आणि त्याच्या चुका दाखवायला शेजारी कोणी नसते.

परंपरा जुनीच

हे वेड परदेशातून नुकतेच आले, असे मानण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. इराण आणि इराकच्या वाळवंटांतून, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. साडेचार वर्षांत त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले होते. ज्या सायकलींवर त्यांनी हे केले त्यांना आजच्यासारखे गिअर नव्हते आणि वाटेचा बराच भाग रस्ता म्हणावा असाही नव्हता.

विदर्भाच्या स्मरणात आहे तो बाबा आमटे यांचा १९८५ सालचा ‘भारत जोडो’ प्रवास. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून गेले. मणक्याच्या विकारामुळे बसणेही अशक्य झालेले बाबा वाहनातून त्यांच्यासोबत होते. तो प्रवास स्पर्धेचा नव्हता आणि एकट्याचाही नव्हता. पण सायकल हे देश पायाखालून घालण्याचे साधन आहे, ही जाण एका पिढीला त्याने दिली.

अलीकडचे नाव पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिचे. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने ऑस्ट्रेलियातील पर्थहून सुरुवात करून सुमारे २९,००० किलोमीटरचा जगप्रवास, त्यातील बराचसा एकटीने, केला आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला कोलकात्यात ते अंतर पूर्ण केले. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले, रशियातील थंडीत अनेक रात्री एकटीने काढाव्या लागल्या. मदतीची गाडी सोबत नसणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एवढी उदाहरणे पुरेत.

डांबर संपते तेथून

स्वावलंबी स्पर्धांना डांबरापलीकडे नेण्याचे श्रेय प्रामुख्याने उत्तर अमेरिकेकडे जाते. रॉकी पर्वतरांगेच्या कडेने, जंगलातील व खाणींकडील कच्चे रस्ते जोडून १९९७ च्या सुमारास एक सलग सायकलमार्ग आखण्यात आला. कॅनडातील बॅम्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत तो सुमारे ४,४०० किलोमीटर भरतो. २००८ पासून या मार्गावर ‘टूर डिव्हाइड’ ही शर्यत होते. तिला प्रवेश शुल्क नाही आणि बक्षीसही नाही. जून महिन्यात ठरल्या दिवशी स्वार जमतात आणि निघतात. प्रत्येकाजवळ उपग्रहाशी जोडलेले एक छोटे यंत्र असते. त्यावरून स्वाराचे ठिकाण नकाशावर कोणालाही पाहता येते. नियम पाळला की मोडला हे बरेचसे स्वाराच्या सचोटीवर सोडलेले असते. पुढे युरोपात, २०१३ पासून ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस’ सुरू झाली आणि २०१८ पासून किर्गिझस्तानच्या पहाडांत ‘सिल्क रोड माउंटन रेस’ होऊ लागली. पहिली बहुतांश डांबरी रस्त्यांची, तर दुसरी अशी की सायकल कित्येकदा ढकलावी, उचलावी लागते.

कच्च्या वाटेने सायकलची रचनाही बदलली. जुन्या पद्धतीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकवलेल्या पिशव्या सपाट रस्त्यावर उत्तम. पण खडकाळ वाटेवर सततच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे स्क्रू सैल होतात, सांधे तुटतात आणि रुंद सामान झुडपांत अडकते. म्हणून सामान सायकलच्या नळ्यांना घट्ट बिलगून बांधण्याची रीत आली. जड वस्तू मधल्या त्रिकोणात खाली, हलक्या व फुगणाऱ्या वस्तू हँडलवर, कपडे बैठकीखाली. वजन मध्यावर व खाली राहिले की वळणावर सायकल झुलत नाही.

टायरचेही तसेच. शहरातील शर्यतीच्या सायकलला २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. कच्च्या वाटेला ४० मिलिमीटरपासून पुढचे लागतात. त्यात हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर खड्यांवरून उसळत नाही, त्यांना कवेत घेतो. पुष्कळ जण आतील ट्यूब काढून टाकतात आणि टायरमध्ये चिकट द्रव भरतात. काटा घुसला की तो द्रव छिद्राशी गोठून ते बुजवतो. विदर्भात बाभळीच्या काट्यांचा प्रसाद ज्यांनी घेतला आहे, त्यांना या द्रवाचे मोल वेगळे सांगायला नको.

झोपेचा हिशेब

अशा शर्यतींतील खरी लढाई झोपेशी असते. शर्यतीत घड्याळ अखंड चालू राहते. झोपलेला वेळही मोजला जातो. त्यामुळे पुढे राहण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे झोप कापणे. शरीराचे स्वतःचे घड्याळ मात्र हा सौदा मानत नाही. मध्यरात्र उलटल्यावर, साधारण दोन ते सहा या वेळेत, शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला जातात. डोळे उघडे असूनही मेंदू काही क्षण झोपतो. सलग दोन-तीन रात्री अपुऱ्या झोपेत गेल्या की झाडांत माणसे दिसू लागतात आणि रस्त्यावरील सावल्या हलू लागतात. ही अवस्था अनुभवी स्वारांच्या परिचयाची आहे. वीस मिनिटांची डुलकी काही तास तारून नेते; पण ती रात्रभराच्या झोपेची जागा घेत नाही.

अन्नाचेही गणित असेच असते. दिवसभराच्या श्रमांत जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी पचवणे पोटाला जमत नाही. बहुतेकांना ताशी सुमारे ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पचवता येतात. सरावाने आणि साखरेचे प्रकार मिसळून ते प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे खात राहावे लागते. नुसते पाणीच पीत राहणेही घातक. घामावाटे गेलेले मीठ भरून न निघाल्यास रक्तातील सोडियम घसरते, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे थकव्यासारखीच असल्याने फसगत होते.

या हिशेबाची सर्वांत कठोर आठवण म्हणजे माइक हॉल यांचा मृत्यू. ‘ट्रान्सकॉन्टिनेन्टल’ स्पर्धा सुरू करणारे, ‘टूर डिव्हाइड’ २०१६ साली चौदा दिवसांच्या आत पूर्ण करणारे हे ब्रिटिश सायकलपटू या पंथाचे अध्वर्यूच होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून सिडनीकडे जाणाऱ्या शर्यतीत, ३१ मार्च २०१७ रोजी, कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेत त्यांचा अंत झाला. शर्यत तेथेच थांबवण्यात आली. त्यानंतर रस्त्यावरील प्रकाशयोजना, परावर्तक कपडे आणि सक्तीची विश्रांती यांवर या वर्तुळात गंभीर चर्चा झाली. विश्रांती सक्तीची केली तर स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचे तत्त्वच बाधित होते, असे एका बाजूचे म्हणणे. झोपेने बधिर झालेला माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीतच नसतो, असे दुसरीचे. दोन्हींत तथ्य आहे. डांबर सोडून कच्च्या वाटेला लागण्याकडे अनेकांचा ओढा वाढला, त्यामागे वेगवान वाहनांपासून दूर जाण्याची ही इच्छाही आहे.

पांदणीची परीक्षा

नागपूरहून कच्च्या वाटेला लागायचे तर दूर जावे लागत नाही. महालातून निघून शहराची हद्द ओलांडली की शेताशेतांतून जाणाऱ्या पांदणी, कालव्यांच्या कडेचे रस्ते आणि मुरमाच्या वाटा सुरू होतात. उत्तरेला कामठी-मनसरवरून रामटेक साधारण ५० किलोमीटरवर आहे. वायव्येला सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि तामिया करीत पचमढीचे पठार गाठता येते. पश्चिमेला अमरावती-परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट आहे. सुमारे ३१० मीटर उंचीवरील नागपूरच्या माणसाला तो १,१०० मीटरपर्यंत चढवतो. श्रावणात नागद्वारच्या यात्रेसाठी विदर्भातील भाविक सातपुड्याच्या याच मुलखाकडे जातात. पाठीवर शिदोरी बांधून, वाटेत मिळेल तेथे मुक्काम करीत डोंगर चढण्याची रीत येथे सायकलपेक्षा फार जुनी आहे.

मात्र येथील भूमीचे स्वतःचे नियम आहेत. पहिला नियम काळ्या मातीचा. कोरडी असताना ही कापसाची जमीन भेगाळलेली, पण चालण्याजोगी असते. पावसाचा एक शिडकावा झाला की ती चाकाला लापशीसारखी चिकटते, चिमट्यात आणि ब्रेकमध्ये थापून बसते आणि दहा पावलांत चाक फिरेनासे होते. तेव्हा ताकद लावली की गिअरचा नाजूक सांधा मोडतो. काडीने चिखल खरवडणे, सायकल खांद्यावर घेणे किंवा ऊन पडेपर्यंत थांबणे, एवढेच उपाय उरतात. म्हणून मार्ग आखताना नकाशावरील अंतरापेक्षा माती कोणती आहे हे पाहावे लागते. मुरमाची वाट दहा किलोमीटरने लांबची असली तरी पावसाळ्यात तीच जवळची ठरते.

दुसरा नियम उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या काळात दुपारी स्वावलंबी प्रवास करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथील खरा हंगाम. तेव्हाही रात्री पारा दहा अंशांखाली उतरतो आणि उघड्यावर झोपणाऱ्याला पातळ चादर पुरत नाही.

तिसरा नियम जंगलाचा. पेंच, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा, बोर आणि मेळघाट हे व्याघ्र प्रकल्प, शिवाय उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य असा नागपूरभोवती वाघांचा मुलूख आहे. नकाशावर रिकामी दिसणारी आकर्षक वाट पुष्कळदा याच संरक्षित क्षेत्रातून जाते. तेथे वन विभागाच्या परवानगीविना शिरणे हा गुन्हा आहे आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने ते अविचाराचेही आहे. सायकल आवाज करीत नाही, त्यामुळे वळणावर अस्वल किंवा रानडुक्कर एकदम समोर येण्याची शक्यता वाढते. जंगलालगतच्या भागात पहाटे आणि सांजवेळी न जाणे हेच शहाणपण. त्याहून कमी बोलला जाणारा धोका शेतांचा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो आणि त्यात माणसांचेही बळी गेले आहेत. रात्री वाट चुकल्यास शेतातून आडवे जाऊ नये. आल्या पावली मागे फिरावे.

परदेशी शर्यतींच्या नियमपुस्तिकांत या गोष्टी सापडत नाहीत. रात्रभर सायकल चालवण्याचे जे कौतुक किर्गिझस्तानात होते, ते विदर्भाच्या जंगलकाठी करता येत नाही. येथे स्वावलंबनाचा पहिला अर्थ सूर्यास्तापूर्वी थांबणे असा होतो.

पाहुणचाराचे काय?

आणखी एका बाबतीत आपला मुलूख वेगळा आहे. ओसाड प्रदेशात दीडशे-दोनशे किलोमीटर एकही दुकान नसते, तेव्हा मदत न घेणे हा नियम आपोआप पाळला जातो. विदर्भात दर पाच-सात किलोमीटरवर गाव. पारावर बसलेली मंडळी धुळीने माखलेला सायकलस्वार पाहून विचारणारच, ‘‘कोणत्या गावचे जी? एकटेच चालले काय?’’ आणि मागोमाग चहा येतो. संध्याकाळ झालेली असेल तर ओसरीही मोकळी करून दिली जाते. बाहेरची मदत निषिद्ध मानणाऱ्या स्पर्धकाने हा चहा नाकारायचा का?

बहुतेक स्पर्धांचा संकेत असा की, वाटेत अवचित घडलेले सौजन्य स्वीकारायला हरकत नाही. ते आधी ठरवलेले नसावे आणि इतर स्पर्धकांनाही मिळू शकेल असे असावे. ओसरी चालते, मावसभावाचे घर चालत नाही. या संकेतात १९१३ च्या भात्याचेच तत्त्व आहे, फक्त माणुसकीला त्यात जागा दिली गेली आहे. मात्र स्वाराने एक पथ्य पाळावे. गावचे सौजन्य हे गृहीत धरण्याचे साधन नव्हे. शिदोरीत एका वेळचे जेवण, एका रात्रीचे पांघरूण आणि दुरुस्तीचे साहित्य असलेच पाहिजे. ज्याच्याजवळ काहीच नाही आणि जो गावाच्या भरवशावर निघाला आहे, त्याला स्वावलंबी म्हणता येणार नाही.

नवशिक्याला या वाटेवर येण्यासाठी शाळाही उपलब्ध आहे. ‘ब्रेव्हे’ या फ्रेंच नावाने ओळखले जाणारे लांब पल्ल्याचे उपक्रम महाराष्ट्रातील अनेक शहरांप्रमाणे नागपुरातही होत आले आहेत. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी त्यांची मर्यादा असते. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नसतात. मार्ग डांबरी असतो, पण दोन तपासणी ठिकाणांच्या मध्ये स्वाराला आपले आपण निभावावे लागते. पंक्चर काढणे, रात्रीचे दिवे सांभाळणे आणि पोटाचे वेळापत्रक बसवणे हे धडे येथे मिळतात. त्यांशिवाय थेट जंगलवाटेला लागणे म्हणजे पोहणे न शिकता नदीत उतरणे होय.

मागे फिरण्याचा अधिकार

स्वावलंबी शर्यतींत सुरुवात करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. गुडघा दुखतो, हाताच्या करंगळीची संवेदना जाते, पोट बिघडते, किंवा एका पहाटे पुढे जाण्याचे कारणच आठवेनासे होते. ताफा सोबत असता तर थांबण्याचा निर्णय पथकप्रमुखाने घेतला असता. येथे तो स्वतःच घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर घरी पोहोचण्याची व्यवस्थाही स्वतःच करावी लागते. बसच्या टपावर सायकल चढवून परतणारा स्वार हरला, असे पाहणाऱ्याला वाटेल. या पंथात मात्र वेळीच परतणे हे कौशल्यात मोजले जाते, कारण ते न साधल्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे.

महालातून पहाटे निघालेल्या त्या सायकलीची गोष्टही पचमढीला पोहोचण्यावर अवलंबून नाही. तामियाच्या अलीकडे ढग दाटून आले, काळी माती चाकाला लागली आणि स्वाराने शांतपणे सायकल डांबरी रस्त्याकडे वळवली, तर तो प्रवास नियमाप्रमाणेच झाला, असे म्हणावे लागेल.

चौकट : दोन दिवसांच्या पहिल्या सफरीसाठी

• पहिला मुक्काम घरापासून ५०-६० किलोमीटरच्या आत ठेवावा, म्हणजे काही बिघडल्यास परतणे सोपे जाते.

• दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य, साखळी जोडण्याचे अवजार आणि तिचा जादा दुवा सोबत असावा; आणि तो वापरण्याचा सराव घरी केलेला असावा.

• किमान तीन लिटर पाणी, मीठ-साखर, शेंगदाण्याची चिक्की, केळी किंवा संत्री जवळ ठेवावी.

• मागे-पुढे दिवे, परावर्तक जाकीट आणि हेल्मेट दिवसाही वापरावे.

• मार्ग मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. जंगलकाठी नेटवर्क मिळेलच असे नाही. कागदावर गावांची क्रमवार नावेही लिहून ठेवावीत.

• कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत संपर्क साधणार, हे घरी सांगून निघावे. संरक्षित वनक्षेत्र असल्यास आधी वन विभागाची परवानगी घ्यावी.